प्रमाण बांगडा

आमच्या घरातल्या टीव्हीचे रंग एका बांगड्यावरून लावलेले आहेत.

हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. माझी नोकरी जमीन मोजणीची. कोणतीही गोष्ट दोनदा मोजायची, तिसऱ्यांदा पडताळायची आणि वहीत लिहायची, ही सवय मला कचेरीत लागली आणि तिचा त्रास घरच्यांना होतो. (आमच्या उंबरठ्याची दोन टोकं सहा मिलिमीटरने वरखाली आहेत. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग?" मी ते नुसतं वहीत लिहिलं.)

टीव्हीकडे वळण्याआधी पाट्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथून सुरू झालं. माझ्या सासूबाईंनी काशीदला चाळीस वर्षं मासळी विकली. हातपाय थकले तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तूंच्या वाटण्या केल्या. त्यात एक काळाभोर पाटा-वरवंटा होता. त्यावरच्या वाटणाचं कालवण जेवून मी लग्नाला होकार दिला होता. (हे कारण बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.) सासूबाईंनी पाटा दिला मुलाला, म्हणजे माझा मेहुणा मधू याला, आणि वरवंटा दिला मुलीला, म्हणजे माझी बायको सुनंदा हिला.

"आई, हे असं अर्धं अर्धं?" सुनंदा म्हणाली.

"वाटण करायचं तर एकमेकाकडं जावं लागंल," सासूबाई म्हणाल्या. "न्हायतर तुम्ही दोघं कसली भेटताय!"

योजना उत्तम होती. फक्त दोन्ही घरांत मिक्सर आले! पाटा काशीदला पडून राहिला, वरवंटा आमच्याकडे चौलला. मध्ये एकवीस किलोमीटर. मग मधूने घरालगत पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या, आणि गेल्या मे महिन्यात सुनंदाने तिथे एक दृश्य पाहिलं. पाटा अंगणातल्या नळाखाली ठेवलेला होता आणि किनाऱ्यावरून आलेले पाहुणे त्यावर उभे राहून पायाची वाळू धूत होते.

"मध्या! आईच्या पाट्यावर लोक पाय धुतात?"

"ताई, दगडच आहे तो. आणि त्याच्यावर कुणी घसरत नाही."

या दुसऱ्या वाक्याने घात केला. सुनंदाने पाटा परत मागितला. मधू म्हणाला, वाटणी म्हणजे वाटणी. सुनंदा काहीतरी म्हणाली, मधू काहीतरी म्हणाला, आणि शेवटी मधूने पाहुण्यांच्या हॉलमधल्या व्हिडिओ गेमकडे बोट दाखवलं. मोटारींच्या शर्यतीचा गेम. आमच्या मुलीकडे, प्राचीकडे, तोच होता.

"हरव मला याच्यात. पाटा घेऊन जा. हरलीस तर वरवंटा इकडे. तीन आठवडे देतो. तुझ्याच घरी, तुझ्याच टीव्हीवर खेळू, म्हणजे नंतर कारणं नकोत."

"मंजूर!" सुनंदा म्हणाली. तोपर्यंत तिने त्या गेमच्या रिमोटला फक्त धूळ पुसण्यासाठी हात लावला होता.

त्या दिवसापासून दुपारी तीन ते पाच आमच्या घरी मोटारी धावू लागल्या. रस्ता समुद्राच्या कड्यावरून जाणारा, तीन फेऱ्या मारायच्या, एकूण वेळ मोजायचा. प्रत्येक वळणाला एक पांढरा खांब. सुनंदा प्रत्येक फेरीत सातव्या वळणावर समुद्रात जायची.

"वळण दिसतच नाही! सगळं काळपट दिसतंय. हा टीव्हीचा दोष आहे," ती म्हणाली.

मी संसारी माणूस असल्यामुळे दोष टीव्हीचाच आहे हे लगेच मान्य केलं. आणि खरंच मला कुतूहलही वाटू लागलं. आमचा टीव्ही प्लाझ्मा जातीचा, बेचाळीस इंची. आता असे टीव्ही कुणी बनवत नाही. वजन सत्तावीस किलो, आणि चालू असताना वरच्या जाळीवर थर्मामीटर ठेवला तर त्रेचाळीस अंश. इतकी वर्षं हे यंत्र घरात होतं आणि त्याच्या चित्राच्या मेनूत मी कधी डोकावलोच नव्हतो!

डोकावलो. आत पाच गोष्टी होत्या: ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, टिंट आणि शार्पनेस. प्रत्येकीला शून्य ते शंभर आकडे.

"बाबा, तिथे 'गेम' नावाचा मोड आहे," प्राची म्हणाली. ती कॉलेजात शिकते आणि कमी शब्दांत बोलते. "एक बटण दाबायचं. झालं."

"एका बटणावर भरवसा ठेवून मोजणी होत नाही," मी म्हणालो आणि वही उघडली. पाच गोष्टी, प्रत्येकी एकशे एक आकडे, म्हणजे एकूण एक हजार एक्कावन्न कोटी प्रकारे ते चित्र लावता येत होतं. प्रत्येक प्रकार पाच सेकंद पाहायचा तर सोळाशे पासष्ट वर्षं लागली असती. मधूने तीन आठवडे दिले होते.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांची पद्धत धरली. एक आकडा बदलायचा आणि विचारायचं, "आधीचं बरं की आत्ताचं?"

"आत्ताचं," सुनंदा म्हणाली.

"आधीचं," प्राची म्हणाली.

त्या महिन्यात सासूबाई आमच्याकडे राहायला होत्या. (पैजेत आपण कुणाच्याच बाजूने नाही, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं होतं.) त्यांनी दोन्हीकडे पाहून निकाल दिला. "दोन्ही वाईट."

चूक कुठे होती ते माझ्या लक्षात आलं. मोजणीला आधी एक पक्का दगड लागतो, ज्याच्या जागेबद्दल कुणाचं भांडण नाही. रंगांचंही तसंच. ज्या रंगाबद्दल या घरात एकमत आहे अशी एखादी वस्तू हवी.

"आकाश," प्राची म्हणाली.

"आभाळ घटकंघटकंला बदलतं," सासूबाई म्हणाल्या.

"हळद," सुनंदा म्हणाली.

"घरची की दुकानातली?" हे मी विचारलं. हळद बाद झाली.

मग सासूबाई म्हणाल्या, "बांगडा घ्या."

मी पेन खाली ठेवलं. विचार करा! ताज्या बांगड्याची पाठ हिरवी-निळी, पोट रुपेरी, कल्ला लालभडक, डोळा काळा आणि पाठीवर बारीक नागमोडी रेघा. म्हणजे कलर, टिंट, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस, पाचही गोष्टी एकाच माशात! आणि तो पारखायला समोर चाळीस वर्षांचा अनुभव बसलेला. टीव्ही बनवणाऱ्यांना हे सुचलं कसं नाही याचं मला नवल वाटलं.

रविवारी सकाळी आठ वाजता सासूबाईंनी बाजारात स्वतः निवडलेला एक बांगडा घरी आला. लांबी साडेतेवीस सेंटीमीटर. वहीत मी त्याची नोंद 'प्रमाण बांगडा' अशी केली. प्राचीने सावलीत त्याचा फोटो काढून टीव्हीवर लावला. पडद्यावर तो साठ सेंटीमीटर झाला. खरा बांगडा स्टीलच्या ताटात, टीव्हीशेजारच्या स्टुलावर. कल्ला दिसावा म्हणून त्यात दात कोरायची काडी अडकवली. सासूबाईंची खुर्ची बरोबर दोन मीटरवर.

"कल्ला?" मी विचारलं.

"फिका हाय. मेल्यावानी दिसतो."

"तो मेलेलाच आहे, आई."

"ताटातला आजचा मेलाय. टीव्हीतला कालचा."

कलर पंचेचाळीसवरून बावन्न केला. "आता?"

"आता सकाळचा."

मी थक्क झालो. मी चोरून नुसते दोन आकडे हलवले तरी त्यांना कळत होतं! "जावय, मघाचंच बरं हुतं," त्या म्हणायच्या, आणि वहीत पाहावं तर खरंच. असा माणूस आमच्या कचेरीत असता तर निम्म्या हद्दींची भांडणं मिटली असती. प्राची दोनदा काहीतरी सांगायला आली. मी तिला हाताने थांबवलं. "मध्ये बोलू नकोस, नोंद चुकते."

दहा वाजले. अकरा वाजले.

"पोट जरा पिवळं करा," सासूबाई म्हणाल्या.

"मघाशी पांढरं म्हणाला होतात."

"मघाशी पांढरं हुतं."

मी पिवळं केलं.

"डोळा धुरकट करा. आन कल्ला तपकिरी."

मला जरा विचित्र वाटलं, पण पारखी माणसाच्या कामात आपण बोलू नये. तपकिरी केला. तीन तास वीस मिनिटांनी नोंद क्रमांक एकसष्ट झाली. ताटातला आणि टीव्हीतला मासा हुबेहूब एक दिसू लागले. तेवढ्यात सुनंदा स्वयंपाकघरातून पदर नाकाला लावून आली.

"अहो, हा वास कसला?"

मी ताटाकडे पाहिलं. त्रेचाळीस अंशांच्या टीव्हीला खेटून प्रमाण बांगडा तीन तास वीस मिनिटं बसला होता. तो सावकाश नासत होता आणि मी सगळा टीव्ही त्याच्यामागोमाग नासवत नेला होता!

"आई, तो शिळा होतोय हे सांगायचं नाही का?"

"तुम्ही काय इचारलं? दोन्ही सारखे दिसतात का. दिसंल ते मी सांगितलं."

यात त्यांची काहीच चूक नव्हती. नोंद एकोणीसच्या पुढचं सगळं मी लाल शाईने खोडलं आणि ताजेपणीचे आकडे परत लावले. (तेवढ्यात मांजराने प्रमाण बांगडा नेला. काडीसकट.) मग फोटो बंद केला आणि सुनंदाला म्हटलं, "बस. आता खेळून बघ."

तिने गेम लावला. कड्यावरचा रस्ता आला. समुद्र आला. आणि समुद्र, रस्ता, आभाळ या सगळ्यांवर साठ सेंटीमीटर लांबीचा एक फिकट बांगडा आडवा!

"अहो, फोटो बंद करा ना."

"केलाय."

"मग हा कोण?"

"तेच तर मी सांगत होते," प्राची म्हणाली. "प्लाझ्मावर एकच चित्र फार वेळ ठेवायचं नसतं. त्याचा ठसा बसतो."

"आधी सांगायचंस!"

"नोंद चुकली असती."

शर्यतीला चौदा दिवस उरले होते. ठसा काढायचा उपाय प्राचीनेच शोधला: पडदा तासन्‌तास पांढराशुभ्र ठेवायचा, हळूहळू जातो. मी आधी ठसा नीट मोजून घेतला. डोळा डाव्या कडेपासून एकतीस सेंटीमीटर, वरून चोवीस. गडदपणा दहापैकी दहा. मग सुनंदाचे तीन ते पाच सोडून सकाळ-संध्याकाळ पांढरं लावलं. सासूबाई जपाची माळ घेऊन समोर बसायच्या.

"आज काय लावलंय?"

"पांढरं."

"कधी संपायचं?"

"बहुतेक त्या रविवारपर्यंत."

रोज सकाळी मी गडदपणाची नोंद करायचो. नऊ, आठ, साडेसहा. आणि त्याच दिवसांत एक चमत्कार झाला. सुनंदा समुद्रात पडायची थांबली! तिचा तीन फेऱ्यांचा वेळ साडेपाच मिनिटांवरून पाच मिनिटांवर आला, मग चार मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर. मधूचा नेहमीचा वेळ चार-पन्नास, त्यापेक्षा नऊ सेकंद कमी! ताज्या बांगड्याचे आकडे बोलत होते, दुसरं काय? मी वहीत त्या आकड्यांभोवती चौकट काढली.

"अहो, राहू द्या तो मासा," ती एकदा म्हणाली. "मला सवय झालीय."

किती मोठं मन, मला वाटलं. माझ्या चुकीचं मला वाईट वाटू नये म्हणून हे बोलते. मी पांढऱ्याचे तास वाढवले.

शनिवारी माशाचा फक्त डोळा आणि शेपटीचं टोक उरलं होतं. रविवारी सुनंदा भावासाठी स्वयंपाकात गुंतली होती, तेव्हा मी सकाळी सहापासून पांढरं लावलं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी नोंद केली: शून्य.

अकराला मधू आला. पाटा त्याने टेम्पोत घालून आणला होता आणि निदान धुतला तरी होता. आम्ही दोघांनी उचलून तो ओटीवर ठेवला. सुनंदाने त्यावरून एकदा हात फिरवला. शेजारी तिने वरवंटा आणून ठेवला. कित्येक वर्षांनी ती जोडी एकत्र आली होती, आणि सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

"भावोजी, तुम्ही पंच," मधू म्हणाला. "तुमच्यावर भरवसा आहे. तुम्ही स्वतःच्या बायकोलाही सूट देणार नाही."

(हे कौतुक होतं असं मी त्या वेळी समजलो.)

मधू आधी खेळला. चार मिनिटं एकोणपन्नास सेकंद. मग सुनंदा बसली. पहिलं वळण आलं आणि ती ओरडली, "अहो! मासा कुठाय?"

"गेला!" मी अभिमानाने म्हणालो. "शून्य!"

"कुणी सांगितलं होतं पुसायला?" मोटार समुद्रात.

मला काहीच कळेना. शेवटी प्राचीने सांगितलं. "बाबा, आई माशावरून नेम धरते. पांढरा खांब डोळ्यावर आला की ब्रेक. शेपटीला लागला की वळायचं."

माझी सगळी नोकरी दुर्बिणीच्या काचेतल्या बारीक फुलीवर चालते. फुली खुणेवर आणायची आणि आकडा वाचायचा. बायकोने घरबसल्या स्वतःची फुली तयार केली होती, आणि मी चौदा दिवस खपून ती पुसली होती!

पहिली फेरी: एक मिनिट बावन्न. दोन फेऱ्यांमध्ये थोडी उसंत असते. सुनंदाने कपाळावरची टिकली काढली. "लवकर सांगा. डोळा कुठे होता?"

"पंच, हे चालतं का?" मधू ओरडला.

"नियमात टिकलीचा उल्लेख नाही," मी म्हणालो आणि वही न उघडताच सांगून टाकलं, "डाव्या कडेपासून एकतीस, वरून चोवीस!"

प्राचीने शिवणाची टेप लावली, सुनंदाने टिकली चिकटवली, दुसरी फेरी सुरू झाली, खांब टिकलीवर आला, सुनंदाने ब्रेक मारला आणि मोटार थेट समुद्रात. पुढच्या वळणाला पुन्हा समुद्रात!

"तुम्ही कुठून मोजलं होतं?" तिने दात आवळून विचारलं.

हद्दीच्या प्रत्येक भांडणात हा प्रश्न मी लोकांना विचारतो. तुम्ही कुठून मोजलंत? आणि ते मान खाली घालतात. मीही घातली. मी मोजलं होतं चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून. प्राचीने टेप लावली होती काचेच्या कडेपासून. फरक: चार सेंटीमीटर.

दुसरी फेरी एक मिनिट एकोणपन्नास. सुनंदाने टिकली उपटून माझ्या वहीवर चिकटवली आणि तिसरी फेरी नुसत्या रागावर चालवली. एक मिनिट एकतीस! इतकी वेगवान फेरी त्या घरात ना तिने मारली होती ना मधूने. मी मनातल्या मनात तिनाने गुणलं: चार मिनिटं तेहतीस. म्हणजे सुनंदा सोळा सेकंदांनी सहज जिंकली असती. माशाशिवाय, टिकलीशिवाय आणि माझ्याशिवाय.

प्रत्यक्षात एकूण पाच मिनिटं बारा सेकंद. तेवीस सेकंदांनी हार. निकाल मीच वाचला. माझ्या आयुष्यात एवढा बिनचूक आकडा इतक्या हळू आवाजात मी कधी वाचलेला नाही.

सुनंदा उठली. पदराने वरवंटा पुसला आणि मधूच्या हातात दिला. मधूचाही चेहरा उतरला. "ताई, राहू दे गं. गंमत होती ती."

"पैज म्हणजे पैज," ती म्हणाली.

तेव्हा पैजेत कुणाच्याच बाजूने नसलेल्या सासूबाई उठल्या. "मध्या, दोन्ही तुझे. पण नळाखाली न्हाय, चुलीशेजारी ठेवायचे. आन दर रविवारी ताईची मानसं तुझ्याकडं जेवतील. पाट्यावरचं जेवतील, मिक्सरचं न्हाय."

"वाटणार कोण?" मधूने विचारलं. "ही तर माहेरपणाला येणार."

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. ती दिशा माझी होती.

"ज्यांनी मासा पुसला, ते," सुनंदा म्हणाली.

त्या संध्याकाळी मी प्राचीच्या नकळत टीव्हीवरचं ते 'गेम'चं बटण दाबून पाहिलं. पाच आकडे आले. माझ्या चौकटीतल्या पाच आकड्यांपैकी चार तेच होते आणि पाचव्यात एकाचा फरक. वही मी मिटून ठेवली.

आता दर रविवारी सकाळी मी काशीदला मधूच्या स्वयंपाकघरात पाट्यापुढे बसतो. समोर बरोबर दोन मीटरवर सासूबाईंची खुर्ची. (मोजून ठेवली आहे.) खोबरं, मिरची, धणे, कांदा. पाच मिनिटं वाटलं की बोटावर घेऊन त्यांना दाखवतो.

"आई, आधीचं बरं की आत्ताचं?"

"अजून जाडं हाय. वाटा."

परवा पन्नास मिनिटं वाटत होतो. दारात प्राची येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मामाकडे मिक्सर आहे. एक बटण दाबायचं. झालं."

एका बटणावर भरवसा ठेवावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. मी आशेने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी वाकून माझ्या बोटावरचं वाटण निरखलं, मान हलवली आणि म्हणाल्या,

"जावय, मघाचंच बरं हुतं. नवं घ्या."